ऊलकानची किटली

त्या एरमेकला मी आजही वाईट म्हणणार नाही. पोरगा सज्जन होता. राजधानी बिश्केकहून, एका मदत संस्थेकडून यायचा, पाठीवर लॅपटॉपची पिशवी, दारात बूट काढताना दर वेळी तोल जायचा आणि चहा पुढे केला की "नको एजे, आत्ताच घेतला" म्हणत तीन वाट्या रिचवायचा. एजे म्हणजे आमच्याकडे थोरली ताई. वाईट म्हणायचंच असेल तर आधी मला म्हणा. मी झुराकान, वय छप्पन्न, कोक-बुलाक गावच्या दूध केंद्राची संकलक. हे संकलक वगैरे त्याच्या संस्थेने दिलेलं नाव. गावात मला टाकीवालीच म्हणतात.

टाकी यायच्या आधी आमच्याकडे दूध विकत नसत. दूध विकणं म्हणजे शरमेची गोष्ट. कुणी मागितलं तर द्यायचं, नाही मागितलं तरी वाटीभर पुढे करायचं. विकायचं ते लोणी आणि कुरुत, म्हणजे दह्याच्या वाळवलेल्या गोळ्या. पण एका गाईच्या दुधात लोणी निघून निघून किती निघणार? बोटाला लागेल एवढं. म्हणून आमच्या बायकांची दुधाची भिशी असायची. बारा घरांची. रोज संध्याकाळी बाराही घरचं दूध एकाच घरी जायचं. सोललेली काडी बादलीत बुडवायची, दूध जिथवर आलं तिथे नखाने खूण करायची, झालं. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. ज्या घरची पाळी असेल तिथे दिवसभर घुसळण चालायची, पोरं साय खाऊन खाऊन पोट धरून बसायची आणि बायका उगाच काहीतरी कारण काढून गप्पा मारायला यायच्या.

ऊलकानची एकच गाय होती. तपकिरी, एका शिंगाची, स्वभावाने महा खाष्ट. नवरा मॉस्कोत बांधकामावर गेला तो पेटीतून परत आला. मागे दोन मुली, एक सहा वर्षांची, एक चार. शेत नाही, गवताचं कुरण नाही. भिशीतल्या बाराव्या दिवसाच्या लोण्यावर तिचं पीठ यायचं, चहा यायचा, पोरींच्या पायात बूट यायचे. गाय आहे तोवर ऊलकान गावात आहे. गाय गेली की मुलींना टाकून तिलाही मॉस्कोला जिने पुसायला जावं लागणार, हे सगळ्या गावाला दिसत होतं. तिला तर झोपेतही दिसत असणार.

आणि लोणी न्यायला कोण? तर कोच्कोरचा एक व्यापारी. आमचा बाजार म्हणजे तो एक माणूस आणि त्याची खिळखिळी मोटार. लोण्यात सुरी खुपसायचा, नाक मुरडायचा, "खवट आहे" म्हणायचा, आणि मग तो म्हणेल तो भाव. मी एकदा म्हटलं, "अरे, दर वेळी खवटच असतं तर नेतोस कशाला?" तर दात काढून म्हणतो, "तुमच्या प्रेमापोटी, एजे." जळ्ळं मेलं त्याचं प्रेम. सुरी मात्र चाटूनपुसून खिशात घालायचा.

म्हणून एरमेक आला आणि क्लबाच्या, म्हणजे गावच्या सभागृहाच्या, भिंतीवर मोठा कागद चिकटवून बाण काढायला लागला, तेव्हा मी सगळ्यात पुढच्या बाकावर बसले होते. "तुम्ही गरीब आहात ते आळशी आहात म्हणून नाही," तो म्हणाला. "तुमचा बाजार नीट चालत नाही म्हणून. घेणारा एकच, भाव तोच सांगणार, मोजणार तोच. आपण घेणारा बदलू. थंड करायची टाकी बसवू. शहरातली डेअरी रोज गाडी पाठवील. जेवढी फॅट, तेवढा भाव, आणि पैसे बाईच्या हातात."

खोटं कशाला बोलू, मला ते पटलं. मी तरुणपणी सरकारी गोठ्यात धारा काढलेल्या, दुधाची डिग्री मला कळते. म्हणून मलाच टाकीवर नेमलं. आणि झालंही तसंच, अगदी त्याने सांगितल्यासारखं. पहिल्या दहा दिवसांचे पैसे मी माझ्या हाताने बायकांच्या हातात ठेवले. काहीजणींनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावावर सही केली. बुबुशआपाने, आमच्या गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईने, नवे दात बसवून घेतले आणि महिनाभर कारण नसताना हसत हिंडली. ऊलकानने पोरींना बूट आणले, गाईला कोंड्याचं पोतं आणलं आणि माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, "एजे, आता कुणाच्या पाळीची वाट बघायला नको." कोच्कोरचा व्यापारी दोनदा आला, चौकात हॉर्न वाजवून वाजवून निघून गेला. कुत्रंसुद्धा बाहेर आलं नाही.

भिशी कुणी मोडली नाही. ती आपोआप मोडली. टाकी सुरू झाली त्याच दिवशी ऊलकानची पाळी होती. अकरा दिवस तिने आपलं दूध दुसऱ्यांच्या बादलीत ओतलं होतं, आणि बाराव्या दिवशी सगळ्याजणी आपापल्या किटल्या घेऊन टाकीवर आल्या. तिने ते हसण्यावारी नेलं. आम्हीही नेलं. आता रोजच्या दुधाचे पैसे मिळणार, तर जुन्या काडीवरच्या खुणा कोण बघत बसतंय!

किटल्या डेअरीने दिलेल्या होत्या, नव्या कोऱ्या, स्टीलच्या, प्रत्येकीवर लाल रंगाने नंबर. तेवीस घरं, तेवीस किटल्या. माझ्याकडून एरमेकने एका कागदावर सही घेतली. त्यात लिहिलं होतं की दूध ओतून घेतल्यावर किटली पूर्ण रिकामी करून, उपडी करून, कोरडी परत द्यायची. मी म्हटलं, एवढंच ना? सही ठोकली.

पहिल्याच संध्याकाळी मी बुबुशआपाची किटली ओतून घेतली, उपडी करून झटकली आणि तिच्यापुढे धरली. ती हातच लावेना.

"रिकामी देतेस?" ती म्हणाली.

"नियम आहे, आपा."

"कुणाचा नियम? त्या बिश्केकच्या पोराचा? माझ्या घरून पांढरं घेऊन आले आणि मला रिकामं भांडं घेऊन परत पाठवतेस? माझ्या गाईची कास आटवायला बसलीस का गं तू?"

मागे रांग लागलेली. कुणी तिला वेड्यात काढलं नाही, कारण आमच्याकडे दुधाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. माझ्या आईने कधी दिलं नाही, मी कधी दिलं नाही. माझाच हात आखडला होता, खरं सांगायचं तर. मी टाकीतून एक डाव दूध काढलं आणि तिच्या किटलीत घातलं. "हे घे बाई. झालं समाधान?" ती बोळकं पसरून हसली. मग पुढचीलाही घातलं, तिच्या पुढचीलाही. तेव्हापासून प्रत्येक किटलीत एक डाव. एरमेक असला की नाही, तो गेला की हो.

मला कळत नव्हतं असं नाही. डावभर दूध किटलीत राहिलं तर त्याचं काय होतं हे आमच्याकडे शेंबड्या पोरीलाही कळतं. आम्ही विरजण तसंच तर लावतो. पण थंडीचे दिवस होते. बायका घरी जायच्या, ते दूध चहात ओतायच्या, किटली विसळून ठेवायच्या. फेब्रुवारी गेला, मे गेला, टाकीतलं दूध काचेसारखं स्वच्छ. एक डाव दुधाने काय होतंय!

मग जुलै आला. गवताची कापणी.

जुलैत आमचं गाव गावात नसतं. सकाळी धार काढायची, टाकीवर दूध घालायचं, किटली दारातल्या खुंटाला अडकवायची आणि सगळं घर कुरणावर. उन्हात दिवसभर किटली तापतेय, आत डावभर दूध फुगतंय. संध्याकाळी माणसं मेल्यासारखी थकून येणार, किटलीत गार पाण्याचा एक हबका मारणार आणि त्यातच धार ओतणार. मी आलेलं दूध नाकाने तपासत होते. खरं म्हणजे प्रत्येक किटलीतलं दूध स्पिरिट घालून तपासायचं होतं; आंबायला लागलेलं असेल तर ते लगेच फाटतं. त्यासाठी एरमेकने मला पाच लिटर स्पिरिट देऊन ठेवलं होतं. माझ्या नवऱ्याने, शारशेनने, मार्चमध्येच त्या सगळ्या स्पिरिटची तपासणी आटोपली होती.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात गाडीचा ड्रायव्हर तोलिक टाकीत नळी घालून दूध काढतो, परीक्षानळीत स्वतःजवळचं स्पिरिट घालतो, हलवतो आणि मला दाखवतो. आत चोथाच चोथा.

"एजे, हे दूध नाही. हे आयरान आहे, पातळ दही," तो म्हणाला. "सहाशे लिटर आयरान. मी नेत नाही."

"अरे, एकदा ने. असं पहिल्यांदाच झालंय."

"मी नेलं तर माझ्या टँकरमधलं बाकीच्या गावांचंही फाटेल. मग त्यांना काय सांगू?"

सहाशे लिटर! ओतून द्यायचं तरी कुठे? पांढरं जमिनीवर सांडणं म्हणजे पाप. अख्खं गाव बादल्या घेऊन आलं. चार दिवस घरोघरी दही, घरोघरी कुरुत, छपरांवर गोळ्याच गोळ्या वाळत पडल्या. आणि ते कुरुत घ्यायला कोण? कोच्कोरचा व्यापारी तर कधीच दुसऱ्या खोऱ्यात जायला लागला होता. पोरंसुद्धा गोळ्या एकमेकांना फेकून मारायला लागली.

दूध फाटलं त्याच संध्याकाळी मी एकेक किटली नाकाशी धरली. अकरा किटल्यांना आंबूस वास होता. त्यात सरपंचाच्या बायकोची होती, बुबुशआपाच्या सुनेची होती, आणि, लपवून काय करू, माझ्या स्वतःच्या घरचीही होती. ऊलकानच्या किटलीला नुसता गरम पाण्याचा वास. तिच्याकडे कुरणच नाही, तर ती कापायला जाणार कुठे? घरीच असायची. मी दिलेलं डावभर दूध तिच्या पोरी रस्त्यातच पिऊन टाकायच्या, आणि ती किटली उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात उपडी ठेवायची. तेवीस किटल्यांत ती एक किटली कागदात लिहिल्यासारखी होती.

मी बायकांना सांगितलं, किटल्या उकळत्या पाण्याने धुवा गं. "हो एजे, हो एजे," म्हणून गेल्या कापणीला. एक दिवस मी डाव घातला नाही, तर सहाजणी दूध परत घेऊन गेल्या. मी पुन्हा घालायला लागले. आठ दिवसांनी पुन्हा तोलिकने नळी हलवली, पुन्हा चोथा.

मग एरमेक आला. चेहरा उतरलेला, चहासुद्धा नको म्हणाला आणि खरंच प्यायला नाही. क्लबात सगळ्या बायकांना बोलावलं. "डेअरीने शेवटची संधी दिली आहे," तो म्हणाला. "आणखी एकदा दूध फाटलं की गाडी बंद. कुणाच्या तरी किटलीतून हे होतंय. मी बाहेरचा माणूस, मी कुणावर बोट ठेवणार नाही. तुमचं गाव, तुम्हीच ठरवा." आणि त्याने जमिनीवर मोठा कागद अंथरला, त्यावर तेवीस गोल, प्रत्येक गोलात एका घराचं नाव. प्रत्येकीच्या हातात घेवड्याचा एकेक दाणा दिला. "ज्या घरातली स्वच्छता सुधारायला हवी असं वाटतं, त्या गोलात दाणा ठेवा. कुणाला वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. ही फक्त पद्धत आहे."

त्याची पद्धत असेल. आमच्याकडे दाणे मांडून नशीब बघतात. एकेचाळीस दाणे पसरायचे आणि हरवलेला घोडा कुठे आहे, गेलेला मुलगा परत येईल का, ते विचारायचं. बुबुशआपा गावची दाणे मांडणारी. त्या शहरी पोराला यातलं काय माहीत! त्याने कागद पसरला आणि बायकांचे चेहरेच बदलले. पिराच्या कबरीपुढे आल्यासारख्या सगळ्या गुडघ्यांवर बसल्या.

पहिला दाणा सरपंचाच्या बायकोने ठेवला. ऊलकानच्या गोलात. का? तर तिचं घर पडकं, अंगणात चिखल, आणि तिला भांडायला नवरा नाही. दुसरा दाणा तिथेच. तिसरा तिथेच. मग कुणाला वेगळं काही सुचतच नव्हतं. माझी पाळी आली. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, कारण टाकीवाली मी, मला माहीत असणार. मला माहीत होतंच की! एक वाक्य बोलायचं होतं. "किटलीत डाव मी घालते." बस. पण मग कागदावरची माझी सही निघाली असती, स्पिरिट निघालं असतं, टाकी गेली असती, आणि तेवीस घरांनी जन्मभर मला शिव्या घातल्या असत्या. मी माझा दाणा ऊलकानच्या गोलात ठेवला. तो मी कुठे ठेवला हे माझ्या हाताला आठवतं, म्हणून सांगते.

शेवटी ऊलकान राहिली. तिने कागदाकडे बघितलं, तिच्या नावावर दाण्यांचा ढीग.

"माझा कुठे ठेवू?" तिने एरमेकला विचारलं.

तो कावराबावरा झाला. "तुम्हाला योग्य वाटेल तिथे, एजे."

तिने दाणा मुठीत धरला आणि उठून गेली. बुबुशआपा म्हणाली, "दाण्यांनी सांगितलं बाई. आपण काय करणार?" आणि सगळ्यांना मोकळं झाल्यासारखं वाटलं. मलाही वाटलं. लाज वाटायला मला रस्त्यापर्यंत चालत जावं लागलं.

ऊलकानची किटली मी परत घेतली. नंबर चौदा. दहा दिवसांनी कापणी संपली, माणसं घरी आली, हवा गार झाली, किटल्या पुन्हा वेळेवर धुतल्या जायला लागल्या. दूध परत काचेसारखं. गाव म्हणालं, बघा, ती गेली आणि दूध सुधारलं. एरमेकने लिहूनही नेलं की गावाने आपला प्रश्न आपण सोडवला. त्याच्या साहेबांना म्हणे ते फार आवडलं. मी डाव घालतच होते.

ऊलकानने आधी जुन्या भिशीतल्या घरांचे दरवाजे ठोठावले. "चार घरं मिळून करू, तीन घरं मिळून करू," ती म्हणत होती. कोण येणार? पैसे देणारी टाकी सोडून काडीवर खुणा करायला कोण बसणार? एकटीचं दूध घुसळून घुसळून तिच्याकडे वाटीभर लोणी जमायचं, आणि ते घ्यायला खोऱ्यात कुणी उरलं नव्हतं. खरं सांगते, तो मेला सुरी खुपसणारा अजून येत असता तर त्याने निदान तिचं लोणी तरी नेलं असतं. त्याची आठवण येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

सप्टेंबरात मी तिच्याकडे पिठाची पिशवी घेऊन गेले. दारातच तिने विचारलं, "एजे, माझी किटली स्वच्छ होती ना?"

"होती."

"तुम्हाला तेव्हाही माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

मी म्हटलं, "टाकी बंद पडली असती गं. सगळ्या गावाचं नुकसान झालं असतं."

"मी कुठल्या गावातली, एजे?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही, काही नाही. पिशवी मात्र घेतली. घ्यावीच लागली. आत पोरी वाट बघत होत्या.

तिला गवत विकत घेणं जमलं नाही. ऑक्टोबरात, पहिला बर्फ पडायच्या आधी, तिने गाय रविवारच्या जनावरांच्या बाजारात नेली. तेव्हा सगळेच विकायला काढतात, भाव पडलेला असतो. त्या संध्याकाळी मी टाकीवरून घरी आले, तर आमच्या अंगणात एका शिंगाची तपकिरी गाय.

"ही कुठून आणली?" मी शारशेनला विचारलं.

"बाजारातून. स्वस्तात मिळाली," तो खुशीत म्हणाला.

"अहो, ती ऊलकानची गाय आहे! लाज कशी वाटली नाही तुम्हाला?"

"मग काय करू? त्या कसायाने घेतली असती. तो दोन हजार सोम कमी सांगत होता. मी तिचं भलंच केलं की!" आणि वर म्हणाला, "तुझ्या त्या पोराच्या भाषेत सांगायचं तर आणखी एक घेणारा आला म्हणून भाव चढला."

मला त्याच्या डोक्यात बादली घालावीशी वाटली. पण गाय मी परत पाठवली नाही. परत पाठवून ती काय खाणार होती? असं मी स्वतःला सांगितलं, आणि धार काढायला बसले.

गाईने एक थेंब सोडला नाही. मी आयुष्यभर धारा काढल्या, सरकारी गोठ्यातल्या वीस वीस गाई काढल्या, पण हिने पान्हाच चोरला. लाथ मारून बादली उडवली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी कास दगडासारखी टणक झाली. शारशेन घाबरला. "आता सुजली तर मरेल. जा, ऊलकानला बोलाव."

"मी नाही जाणार."

"मग मी जातो," म्हणाला, आणि गेला.

ती आली. माझ्याकडे बघितलंही नाही. गाईच्या मानेवरून हात फिरवला, कानात काहीतरी पुटपुटली, बसली आणि धार काढली. गाय डोळे मिटून उभी. सात लिटर. शारशेनने मोठ्या दिमाखात सांगितलं, "रोज येत जा. येशील त्या दिवशी एक लिटर तुझ्या पोरींना." तिच्याच गाईचं एक लिटर. ती बरं म्हणाली.

ते दूध मी आमच्या घरच्या नावावर टाकीत घातलं. फॅट मोजली, गावात सगळ्यात जास्त. तोलिकने नळी हलवून बघितली आणि म्हणाला, "वा एजे, असं दूध हवं." मी वहीत आकडा लिहिला.

महिनाभर ती दोन्ही वेळा येत होती. कधी उशीर नाही, कधी तक्रार नाही. मला तिने चार शब्दांच्या वर काही म्हटलं नाही, आणि मी रोज ठरवायचे की आज बोलू, आज हिची क्षमा मागू, आणि बादली घेऊन आत जायचे. मग एका सकाळी धार काढून झाल्यावर ती उठली, हात पुसले आणि पहिल्यांदा नीट माझ्याकडे बघून बोलली.

"एजे, मला मॉस्कोचं तिकीट मिळालंय. रविवारी जाते. जिन्यांचं काम आहे."

"आणि मुली?"

"त्याचसाठी थांबले होते." तिने गाईकडे बघितलं, माझ्याकडे नाही. "त्यांना तुमच्याकडे ठेवून जाऊ का? मोठी धार काढायला शिकली आहे. गाय तिला लाथ मारत नाही. आणि गाय इथे आहे, म्हणजे त्यांना दूध तरी मिळेल."

"गावात दुसरं कुणी नाही का गं तुला?" माझ्या तोंडून निघालं. अशी मी बाई आहे.

"सगळ्यांना विचारलं," ती म्हणाली. "तुम्ही शेवटच्या."

मी हो म्हटलं. रविवारी ती मुलींना सोडून गेली तेव्हा धाकटी रडली, मोठी रडली नाही. मोठीने आईची पिशवी गाडीत ठेवली, अंगणात परत आली, बादली उचलली आणि धार काढायला बसली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आजी, यातलं आमचं किती?"